कारणाचा रकाना

थायलंडच्या उत्तर टोकाला, चियांग माई प्रांतातल्या फांग आणि माए आय या तालुक्यांत संत्र्यांच्या बागा डोंगरउतारांवर मैलोन्‌मैल पसरल्या आहेत. तिथे फवारणी करणारा, फळे तोडणारा, क्रेट उचलून टेम्पोत टाकणारा मजूर बहुधा शान असतो, म्हणजे शेजारच्या म्यानमारमधल्या (जुन्या ब्रह्मदेशातल्या) शान राज्यातला. नशीब बरे असेल तर त्याच्या खिशात गुलाबी रंगाचे एक कार्ड असते. त्यावर तेरा आकडी क्रमांक, आणि सुरुवातीला दोन शून्ये. दोन शून्ये दिसली की पोलिसाला पुढे काही विचारावे लागत नाही: हा परदेशी मजूर.

हे कार्ड मिळवायचे तर मालकाचे नाव लागते. कामाचा पत्ता, फोटो, बोटांचे ठसे लागतात. सरकारी दवाखान्यातून क्षय, कुष्ठ, हत्तीरोग, उपदंश आणि अमली पदार्थ यांची तपासणी करून आणावी लागते. त्याचा दर बरीच वर्षे असा होता: तपासणीचे ५०० बाट आणि वर्षभराच्या विम्याचे १,६००. एवढे सगळे विचारून, मोजून, टोचून झाले तरी एक गोष्ट कोणी विचारत नाही. गाव का सोडलेस? अर्जात त्याला रकानाच नाही.

शान विस्थापितांचा प्रश्न या न छापलेल्या रकान्यात अडकला आहे, असे माझे म्हणणे आहे. थायलंडने त्यांना हाकलून दिले असे नाही. लाखोंच्या संख्येने ठेवून घेतले आहे. पण माणूस कशापासून पळाला यावरून नव्हे, तर त्याच्या हातांचा उपयोग काय यावरून. या दोन गोष्टींत किती अंतर आहे, ते एखाद्याचे हात निकामी होतात त्या दिवशी कळते.

गाव का सोडले याचे उत्तर खरे तर गुपित नाही. जानेवारी १९९६ मध्ये अफूसम्राट खुन सा आपल्या फौजेसह बर्मी लष्कराला शरण गेला. त्या फौजेतली यॉड सर्क यांची तुकडी शरण गेली नाही. ती मध्य शान राज्यात लढत राहिली. तिला पकडणे अवघड, म्हणून लष्कराने गावे धरली. अन्न, पैसा, बातमी आणि माणसे हे चार पुरवठे तोडायचे, हे बर्मी लष्कराचे साठच्या दशकापासूनचे तंत्र. त्याला ‘चार तोड’ असेच म्हणतात. कुनहिंग, लाइखा, नामसांग, मोंग नाई, मोंग कुंग या भागांत हुकूम सुटले: तीन ते पाच दिवसांत गाव रिकामे करा आणि रस्त्याकडेच्या ठरवून दिलेल्या जागी या, मुदतीनंतर शिवारात जो दिसेल त्याला गोळी. नव्या जागी ना जमीन, ना धान्य. मागे राहिलेली भाताची कोठारे जाळली. १९९६ ते १९९८ या काळात १,४०० हून अधिक गावांतली तीन लाखांवर माणसे अशी उठवली गेली. सांगली जिल्ह्यात जितकी गावे आहेत, त्याच्या जवळपास दुप्पट.

आपल्याकडे धरणात गाव गेलेल्याला निदान ‘प्रकल्पग्रस्त’ हा शब्द मिळतो आणि त्या शब्दाचा दाखला मिळतो. दाखल्याने पोट भरत नाही, हे कोयनेची माणसे तीन पिढ्या सांगत आली आहेत. पण दाखल्याशिवाय भांडायला उभेही राहता येत नाही, हेही तीच सांगतील. शान माणसाकडे तो कागद नाही.

सीमेच्या थाई बाजूला, मे हॉंग सोनपासून राचबुरीपर्यंत, निर्वासितांच्या नऊ अधिकृत छावण्या आहेत. म्यानमारमधले करेन लोक १९८४ पासून तिथे येत गेले, पुढे करेन्नी हा दुसरा समाज आला. नऊपैकी एकही छावणी शानांसाठी नाही. याची दोन कारणे दिली जातात. पहिले नियमाचे: छावणीत प्रवेश ‘लढाईतून पळालेल्यांना’. शान गावकरी पळाला तेव्हा त्याच्या अंगणात लढाई चालू नव्हती. लष्कराने येऊन उठ म्हटले आणि तो उठला. दुसरे कारण नात्याचे. शान स्वतःला ‘ताई’ म्हणवतात, थाई लोक त्यांना ‘ताई याई’ म्हणजे थोरले ताई म्हणतात. भाषा इतकी जवळची की शान माणूस काही महिन्यांत थाई बोलू लागतो. जेवण, देऊळ, सण सगळे ओळखीचे. तेव्हा यांना छावणी कशाला, हे आपल्यात सहज मिसळून जातील.

भावकी आहे म्हणून पाहुणचार नको, असा हा न्याय. भावकीतल्या माणसाला हक्काने राबवता येते, हे आपल्याला काही नवे नाही. पण भावकीचा अर्थ असाच निघायला हवा असे मुळीच नाही. २०२१ च्या लष्करी बंडानंतर म्यानमारमधून ‘चिन’ जमातीचे लोक मिझोरामला आले, तेव्हा केंद्रीय गृहखात्याने मार्चमध्ये राज्यांना कळवले की निर्वासितांचा दर्जा देण्याचा अधिकार तुम्हाला नाही. मिझो लोकांनी चिनांना रक्ताचे भाऊ मानले आणि दारे उघडी ठेवली. तीस हजारांवर माणसे तिथे राहिली. नाते दोन्हीकडे तेच. एका ठिकाणी त्याने आसरा दिला, दुसऱ्या ठिकाणी आसरा मागण्याचे कारणच पुसून टाकले.

यातून थायलंडच्या सीमेवर एक विचित्र वाटणी झाली. छावणीतल्या करेन माणसाला शिधा होता, काम करायची परवानगी नव्हती. बागेतल्या शान माणसाला काम होते, आसरा नव्हता. एकाला कुंपणाबाहेर पडले की अटक, दुसऱ्याला मालकाच्या आवाराबाहेर. ऑगस्ट २०२५ मध्ये थाई मंत्रिमंडळाने छावण्यांतल्या निर्वासितांना बाहेर काम करण्याची परवानगी दिली. चार दशकांनी. त्याआधीच्या जुलैत कंबोडियाशी सीमेवर चकमकी उडाल्या होत्या, कंबोडियन मजूर लाखोंनी परतले होते आणि शेतांत, कारखान्यांत माणसे मिळेनाशी झाली होती. त्याच जुलैअखेर अमेरिकी निधी आटल्यामुळे छावण्यांतल्या बहुतेकांचा शिधा बंद झाला. निर्णय चांगला आहे, स्वागतच करायला हवे. फक्त तो कोणत्या खात्याच्या गरजेतून झाला, ते डोळ्यांआड करू नये.

आता कार्डाचे काम कसे चालते ते नीट पाहू, कारण ‘त्यांना कार्ड मिळते ना, मग झाले’ हा युक्तिवाद तिथेच तुटतो.

नोंदणी कायम खुली नसते. मंत्रिमंडळ ठराव करते, खिडकी काही महिन्यांसाठी उघडते आणि बंद होते. खिडकी बंद झाल्यावर डोंगर उतरून आलेला माणूस पुढच्या ठरावापर्यंत बेकायदा. अर्ज मजुराने नव्हे, मालकाने करायचा. त्याला कटकट नको असेल तर अर्ज नाही. मग दलाल येतो. तो ‘नावापुरता मालक’ मिळवून देतो, कागदावर एक मालक आणि प्रत्यक्षात काम दुसरीकडे. तपासणीत हे उघड झाले की कार्ड खरे असूनही माणूस गुन्हेगार. काम सुटले तर ठरलेल्या मुदतीत नवा मालक दाखवावा लागतो, नाहीतर कार्ड मेले. म्हणजे मजुरी बुडवणाऱ्या मालकाशी भांडायचे असेल, तर देशात राहण्याचा आधारच पणाला लावून भांडायचे. इतका धीर किती जणांना असेल?

आणि ज्याला मालक मिळूच शकत नाही त्याचे काय? म्हातारी, अंगावर मूल असलेली बाई, सुरुंगावर पाय पडलेला माणूस. निर्वासितांना संरक्षण देण्याच्या कोणत्याही व्यवस्थेत या तिघांचा नंबर पहिला लागायला हवा. मजूर-नोंदणीत त्यांचा नंबरच लागत नाही.

सगळ्यात वाईट टप्पा मात्र राष्ट्रीयत्वाच्या पडताळणीचा. २००९ पासून थायलंडने अट घातली: म्यानमारमधून आलेल्या मजुरांनी आपल्या सरकारकडून ओळख पटवून घ्यावी आणि पासपोर्टासारखी पुस्तिका घ्यावी. तेव्हा चियांग माईच्या शान मजुरांनी सीमेवरच्या माए साईचा पूल ओलांडून म्यानमारमधल्या तचिलेकला जायचे होते आणि फॉर्मवर आईबापांची नावे, गाव, घरचा पत्ता लिहून द्यायचा होता. कोणाला? ज्यांनी ते गाव जाळले त्यांच्याच सरकारला. निर्वासित या शब्दाचा किमान अर्थ असा की त्या माणसाला त्याच्या छळणाऱ्यापुढे पुन्हा उभे करायचे नाही. इथे ते उभे राहणे ही कायदेशीर होण्याची पहिली पायरी झाली. बरेच जण गेले नाहीत, आणि बेकायदा ठरले. पुढे पडताळणीची केंद्रे थायलंडमध्येच निघाली, पूल ओलांडायची गरज उरली नाही. पण खिडकीपलीकडचा माणूस त्याच सरकारचा. बंडानंतर तर कागदांच्या नूतनीकरणाला परदेशातल्या कमाईवरचा कर जोडला गेला. ज्या लष्करापासून पळालो, त्यालाच वर्गणी.

पडताळणीचा कागद नसला तर काय होत असे याचे एक उदाहरण पुरेसे आहे. कामावर जखमी झालेल्याला नुकसानभरपाई निधीतून पैसे मिळतात, पण २००१ च्या एका परिपत्रकाने परदेशी मजुराला पासपोर्ट किंवा परकीय नोंदणीचा दाखला आवश्यक केला. २००६ मध्ये चियांग माईतल्या एका बांधकामावर शान मजूर बाईच्या अंगावर साचा कोसळला आणि ती कमरेखाली लुळी पडली. तिच्याकडे मजुरीचा परवाना होता. निधीने पैसे नाकारले.

थायलंडला सरसकट दोष देणे मात्र अन्यायाचे होईल. २००५ च्या ठरावाने कागद नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळा खुल्या झाल्या; अशा मुलाच्या नावापुढे ‘जी’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक लागतो आणि तो वर्गात बसतो. २००८ पासून देशात जन्मलेल्या प्रत्येक मुलाचा जन्म नोंदता येतो, आईबाप बेकायदा असले तरी. ऑक्टोबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने सुमारे ४ लाख ८३ हजार राष्ट्रीयत्वहीन लोकांना कायम वास्तव्य किंवा नागरिकत्व लवकर देण्याची वाट मोकळी केली. आपल्या उपखंडातल्या कोणत्या देशाने अलीकडे असे पाऊल टाकले आहे? पण हा लाभ जुन्या सर्वेक्षणांत नाव असलेल्यांना. पोलिसांच्या भीतीने बागेच्या मागच्या झोपडीत लपलेला माणूस गणना करणाऱ्यापासूनही लपलेलाच होता.

थाम लुआंगची गुहा आठवते ना? २०१८ च्या पावसाळ्यात बारा मुले आणि त्यांचा प्रशिक्षक त्या गुहेत अडकले. ती गुहा माए साईजवळची, शान राज्याच्या सीमेपासून हाकेच्या अंतरावर. पाणी उपसायला आपल्या किर्लोस्करांचे अभियंतेही गेले होते. बाहेर आल्यावर जगाला कळले की त्यातली तीन मुले आणि प्रशिक्षक कोणत्याच देशाचे नागरिक नाहीत. सुटकेनंतर महिन्याभरात त्यांना थाई नागरिकत्व मिळाले. यंत्रणेला जमत नाही असे कोणी म्हणू नये.

आता सीमेकडे. थायलंड आणि म्यानमार यांच्यातली सीमा सुमारे २,४०० किलोमीटरची. खुणा रोवून पक्की केलेली लांबी साठ किलोमीटरही नाही. उरलेली कागदावर डोंगरमाथ्याने जाते, आणि माथा नेमका कोणता यावर दोन्हीकडचे नकाशे भांडतात. वियांग हेंग तालुक्यात प्यांग लुआंग गावाबाहेर फा वियांग इन नावाचे शान लोकांचे बौद्ध देऊळ आहे. त्याचा स्तूप थायलंडमध्ये, दीक्षाविधीचे सभागृह म्यानमारमध्ये. २००२ मध्ये इथे लढाई पेटली, बर्मी सैन्याने पलीकडचा भाग ताब्यात घेतला आणि नाके बंद झाले. स्तूपाला प्रदक्षिणा घालता येते; सभागृह समोर दिसते, पण जायचे नाही.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात सहाशेच्या आसपास माणसे पळून वियांग हेंगला आली. ही तर सरळ लढाईतून पळालेली. अधिकृत नियमातही बसणारी. तरी त्यांच्या कुंग जॉर वस्तीला छावणीचा दर्जा मिळाला नाही. राहू दिले, एवढेच. इतर शान विस्थापितांनी सीमेच्या पलीकडच्या अंगाला, शान फौजेच्या ठाण्यांच्या आडोशाने माथ्यांवर वस्त्या केल्या. लॉय ताई लेंग आणि लॉय कॉ वान या त्यातल्या मोठ्या. उभ्या डोंगरमाथ्यावर भातशेती होत नाही, झरे खाली दरीत, उन्हाळ्यात पाणी चढवून आणायचे. तांदूळ येतो थायलंडच्या बाजूने, म्हणजे थाई नाके उघडे असेल तेव्हा. कायद्याच्या भाषेत हे ‘देशांतर्गत विस्थापित’. देश कोणाचा, हेच जिथे ठरलेले नाही तिथे!

या वस्त्यांना आणि कुंग जॉरला मिळून सहा हजारांवर माणसांना द बॉर्डर कन्सॉर्शियम ही संस्था शिधा देत असे. सीमेवर या संस्थेच्या चांगल्या काळातले माप माणशी महिन्याला साधारण १५ किलो तांदूळ, किलोभर मूग, लिटरभर तेल, पाऊण किलो मासळीचा लगदा आणि मीठ असे होते. ते घटत गेले आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये शान वस्त्यांसाठी बंद झाले. २०१५ मध्ये यॉड सर्क यांच्या संघटनेने देशव्यापी शस्त्रसंधीवर सही केली होती, देणगीदार देशांचे लक्ष आणि पैसा देशाच्या आतल्या कामांकडे वळला होता. शांतता आली, आता परत जा.

परत कुठे? वाडवडिलांपासून कसलेल्या त्या जमिनीचा सातबारा नाही. शान डोंगरात तसा कागद कधी नव्हताच. २०१८ मध्ये म्यानमारने ‘रिकाम्या, पडीक आणि वापरात नसलेल्या’ जमिनींचा कायदा कडक केला. ११ मार्च २०१९ पर्यंत अर्ज करा, नाहीतर अशी जमीन कसणे हा गुन्हा: दोन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाख च्याटपर्यंत दंड. ज्याला बंदुकीच्या धाकाने उठवले, त्याचे शेत वीस वर्षे पडीक राहिले हे खरेच आहे. कोणामुळे राहिले, हे त्या कायद्यातही विचारलेले नाही. सीमेलगतच्या कित्येक खोऱ्यांत १९९९ नंतर ‘वा’ जमातीच्या सशस्त्र संघटनेने उत्तरेकडून लाखावर माणसे आणून वसवली आहेत. रिकाम्या केलेल्या मुलखातूनच सालवीन वाहते, आणि तिच्यावर ७,००० मेगावॉटच्या धरणाची योजना वर्षानुवर्षे उघडझाप करते आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये लष्कराने सक्तीच्या भरतीचा कायदा लागू केला: पुरुष १८ ते ३५, स्त्रिया १८ ते २७. शान संघटनेनेही आपल्या भागात सक्तीची भरती सुरू केली. आता गावातला मुलगा दोन्ही बाजूंच्या फौजांपासून पळतो आणि फांगच्या बागेत पोचल्यावर ‘आर्थिक स्थलांतरित’ होतो. २०२३ च्या सप्टेंबरपासून थायलंडमध्ये ‘संरक्षित व्यक्ती’ ठरवण्याची छाननी सुरू झाली आहे. परदेशी मजूर म्हणून ज्यांची व्यवस्था वेगळी आहे त्या शेजारच्या देशांच्या लोकांना मात्र ती वगळते. म्हणजे जो रकाना अखेर छापला, तो याच लोकांसाठी खोडून छापला.

थाई अधिकाऱ्यांचा सगळ्यात मजबूत मुद्दा असा: छावण्या म्हणजे कोंडवाडेच, शान मोकळेपणी कमावतात, मुले शाळेत जातात, हे बरे नाही का? बरेच आहे. छावणीतली तिसरी पिढी पाहिलेला कोणीही शानांसाठी दहावी छावणी मागणार नाही, मीही मागत नाही. पण छावणी आणि दर्जा या वेगळ्या गोष्टी आहेत. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी वसाहत आहे. भारतात निर्वासितांचा कायदा नाही, निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर थायलंडप्रमाणे आपलीही सही नाही. तरी केवळ सरकारी आदेशाच्या जोरावर तिबेटी माणसाला नोंदणीचा दाखला मिळतो, आणि त्यावर मालकाचे नाव नसते.

दुसरा मुद्दा लोंढ्याचा: दर्जा दिला की आणखी येतील. गेल्या तीस वर्षांत दर्जा नव्हता. लोंढा कमी झाला का? लोक लष्कराच्या हालचालींप्रमाणे आले, थाई नियमांप्रमाणे नव्हे.

करायचे काय, तर फार थोडे. १९७९ च्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम १७ खाली गृहमंत्री मंत्रिमंडळाच्या संमतीने कोणत्याही गटाला अपवाद देऊ शकतात. मजूर-नोंदणीच्या खिडक्या याच कलमाच्या आधाराने उघडतात. नवा कायदा नको, नव्या अधिसूचनेत कारणाचा प्रश्न हवा. तो कामगार खात्याने नव्हे, नागरी नोंदणी पाहणाऱ्या तालुका कार्यालयाने विचारावा, आणि शान भाषेत. बर्मी दुभाषा बसवला तर डोंगरातल्या म्हाताऱ्यांना प्रश्नच कळत नाही. ‘तुमच्या गावात लढाई झाली का?’ असे विचारले की खरे उत्तर ‘नाही’ येते आणि अर्ज तिथेच पडतो. ‘गाव कोणत्या महिन्यात सोडलेत, कोणाच्या हुकमाने, आधी कुठे नेऊन ठेवले?’ असे विचारायला हवे. खोटे दावे येतील, येणारच. पण उठवलेल्या गावांच्या याद्या मानवी हक्क संघटनांनी तेव्हाच तालुकावार करून ठेवल्या आहेत. उत्तर त्यांच्याशी ताडून पाहता येते. कारण पटले तर कार्ड मालकाशी न जोडलेले, म्हातारी-पोरे त्याच कुटुंबाच्या नोंदीत, आणि एकही कागद पडताळणीसाठी म्यानमारकडे न पाठवता. शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची. छळाच्या जागी कोणाला परत पाठवू नये, हे २०२३ पासून थायलंडच्या स्वतःच्याच छळप्रतिबंधक कायद्याचे कलम १३ सांगते.

घाई एवढ्यासाठी की हा प्रश्न विचारायला माणसे फार दिवस उरणार नाहीत. १९९६ मध्ये जो तिशीचा होता, ज्याने हुकूम ऐकला, कोठार जळताना पाहिले, तो आज साठीचा आहे. मजूर-नोंदणीत वय साधारण पंचावन्नपर्यंतच धरतात.